राणीच्या बागेचं प्रूफ

राणीच्या बागेत फोटो काढणाऱ्यांच्या जाती आहेत. पहिली जात बापांची. हे पोराला वाघाच्या काचेपुढे उभं करतात, "हस, हस" म्हणून ओरडतात आणि पोर हसेपर्यंत वाघ आत निघून जातो. दुसरी जात लग्न ठरलेल्यांची. मुलगी झाडाआडून डोकावते, मुलगा तिला पाहून दचकतो, आणि हे दचकणं फोटोवाला मनासारखं जमेपर्यंत करून घेतो. तिसरी जात पक्षीवाल्यांची. यांच्या जाकिटाला नको तितके खिसे असतात आणि लेन्सची लांबी पाहून माळीसुद्धा वाट सोडतो.

चौथी जात म्हणजे आमचे अप्पा. जात कसली, हे एकटेच. सगळी बाग जिकडे बघतेय तिकडे पाठ करून, एखाद्या कठड्याच्या खालच्या अंगाला नाक लावून, कमरेत काटकोनात वाकलेले गृहस्थ दिसले तर त्यांना भोवळ आली असं समजून पाण्याची बाटली घेऊन धावू नये. (अधूनमधून कोणीतरी धावतंच.) ते अप्पा असतात आणि फोटो काढत असतात.

अप्पा आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत राहतात. जन्मभर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. खिळ्यांच्या जमान्यात चिकटले. पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं, कंपोझिटर गेले, अप्पा राहिले. यंत्र कुठलंही आलं तरी चुका व्हायच्या थांबल्या नाहीत. अप्पांच्या नजरेखालून गेलेल्या पुस्तकांनी एखाद्या तालुक्याचं वाचनालय भरलं असतं. पण अप्पांनी ती वाचली असं म्हणायची सोय नाही. एकदा मी एका गाजलेल्या कादंबरीबद्दल विचारलं.

"अप्पा, ही तुमच्याच हाताखालून गेली ना? कशी आहे?"

"दोनशे चोवीस पानं. शेवटच्या फर्म्यात दोन 'की' ऱ्हस्व राहिल्या. अजून झोप लागत नाही कधीकधी."

"पण गोष्ट काय आहे?"

अप्पा बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. "कुणीतरी बाई मरते," ते म्हणाले. "बहुतेक नदीत. 'नदीत'ला पहिल्या प्रुफात पहिली वेलांटी होती, म्हणून लक्षात आहे."

गोष्टीत जीव गुंतला की चूक निसटते, हा त्या धंद्यातला पहिला धडा. शब्द सुटा वाचायचा, वाक्याच्या नादी लागायचं नाही. असं जन्मभर केल्यावर अप्पा निवृत्त झाले. डोळे तेच राहिले, पुढ्यातली प्रुफं तेवढी संपली. मुलाने एक लहानसा डिजिटल कॅमेरा दिला आणि म्हणाला, "बाबा, आता फिरा, निसर्ग बघा, फोटो काढा." मुलाच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर होतं. अप्पा पायी जाता येईल तिथे गेले.

राणीची बाग मुंबईकर बघत नाही, तो ती दाखवतो. आधी आईबाप आपल्याला दाखवतात, मग आपण पोरांना दाखवतो, मधल्या काळात गावाहून आलेल्या पाहुण्यांना दाखवतो. नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान होऊन किती वर्षं लोटली, तरी टॅक्सीवाल्याला अजून 'राणीबाग' म्हटलं की गाडी बरोबर वळते. लहानपणी पाहिलेला हत्ती, त्या हत्तीला पाहताना सांडलेलं आइस्क्रीम आणि त्यासाठी खाल्लेला धपाटा एवढ्या भांडवलावर माणूस आयुष्यभर "राणीची बाग? पाहिलीय की" म्हणत असतो. अप्पांचं म्हणणं, इथेच घोटाळा आहे. पाठ असलेल्या मजकुरात चूक दिसत नाही. लेखकाला स्वतःच्या लेखाचं प्रूफ कधीही देऊ नये, तो छापलेलं वाचत नाही, मनातलं वाचतो. मुंबईकर राणीच्या बागेत तेच करतो.

तेव्हा अप्पांनी बाग पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. पहिली ओळ म्हणजे दारातला डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा. बाग १८६२ साली लेडी फ्रिअरच्या हस्ते उघडली, मनोरा १८६५चा. येणारा जाणारा मान वर करून किती वाजले ते बघतो आणि पुढे सटकतो. त्या मनोऱ्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र यांची चार बाजूंना चार शिल्पं आहेत, ती माझ्या तरी पन्नाशीपर्यंत नजरेस आली नव्हती. अप्पांनी मला त्यांचे फोटो दाखवले. रात्रीचा फोटो भर दुपारी काढलेला होता आणि सकाळचा संध्याकाळी. "त्या त्या तोंडावर ऊन तेव्हाच येतं," अप्पा म्हणाले. "वेळेवर काढायला गेलो तर काळोख येतो." यावर काय बोलायचं?

मागच्या मे महिन्यात कणकवलीहून माझी मावशी, तिची सून आणि दोन नातवंडं आली. "बाग मी दाखवतो," असं अप्पा आपणहून म्हणाले. चाळीतल्या जाणत्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, पण मावशीने तोवर पायांत चपला सरकवल्या होत्या.

संग्रहालयाजवळच्या दगडी हत्तीपाशी अप्पा थांबले. "हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज याला विलायतेला न्यायला निघाले. उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडला, तुकडे झाले. मग विलायत राहिली आणि तुकडे इथे आले. १९१४ साली जोडून उभा केला."

"मगे जोडलेलो दिसना कसो नाय?" मावशी म्हणाली.

हा प्रश्न विचारायला नको होता. अप्पांना आयुष्यात इतका योग्य प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. त्यांनी मावशीला हत्तीच्या मागच्या पायाशी नेलं आणि जोड शोधायला लावलं. मग पोटाखाली. मग दुसऱ्या बाजूने. ऊन डोक्यावर आलं. नातवंडं घामाघूम होऊन "वाघ, वाघ" करायला लागली. मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अरे झिला, ह्यो माणूस आमका सकाळपासून दगड दाखवता. वाघ खंय आसा?"

वाघ अखेर दाखवला. म्हणजे मी दाखवला. अप्पा तेव्हा वाघाच्या काचेकडे पाठ करून समोरच्या बाकाच्या पायाला लागलेल्या च्युइंगमचे थर मोजत होते. रंगांवरून त्याचा काळ ठरवता येतो असं त्यांचं मत आहे. पुढे मावशीला गावी पाकिटातून फोटो पाठवले. हत्तीबरोबरच्या तिच्या फोटोत मावशी नाही आणि हत्तीही नाही. एक भेग आहे, आणि कोपऱ्यात मावशीच्या लुगड्याचा काठ. मावशीने तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला तेव्हा एका म्हाताऱ्याने, औंदा मुंबईत पण पाऊस नाय वाटता, अशी हळहळ व्यक्त केली म्हणे.

काळ्या घोड्याची गोष्ट मात्र अप्पा फारच चांगली सांगतात. काळा घोडा बघायला लोक फोर्टात जातात. तो तिथे नाही, तो राणीच्या बागेत आहे. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५ साली मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससूनने पैसे दिले, जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराने घोडा आणि स्वार घडवला, १८७९ साली तो उभा राहिला. १९६५ साली, परकी राज्यकर्त्यांचे पुतळे रस्त्यांवरून हलवले गेले तेव्हा घोडा स्वारासकट भायखळ्याला आला. चौकाचं नाव मात्र मागेच राहिलं, आणि नुसत्या नावावर चौकाने पन्नास वर्षं काढली. मग २०१७ साली तिकडे नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर कोणीच नाही. "दुसऱ्या आवृत्तीत स्वार गाळला," असं अप्पा याचं वर्णन करतात. "नाव तेवढं पहिल्या आवृत्तीचं ठेवलं. प्रकाशक लोक करतात असं." मूळ घोड्याचा फोटो अप्पांकडे आहे, पण तो घोड्याच्या पोटाखालून काढलेला आहे. खोगिराचा पट्टा खाली कसा गेलाय ते त्यात स्वच्छ दिसतं. राजपुत्राचा एक बूट आला आहे, तो टाळता येण्यासारखा नव्हता.

झाडांशी अप्पांचं जास्त जमतं. झाडं हलत नाहीत आणि "हस" म्हणावं लागत नाही. बागेत देशोदेशीची झाडं आहेत. ज्यांना झाडांतलं कळतं ती माणसं राणीच्या बागेत उर्वशीचा फुलोरा बघायला मुद्दाम येतात, गोरखचिंचेच्या बुंध्याला कवेत घ्यायचा प्रयत्न करतात आणि कैलासपतीपुढे उभं राहून फुलातली पिंड आणि तिच्यावरचा नागाचा फणा दाखवतात. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, त्याच्या गावी त्याला महादेव माहीत नाही. इथे आपण हात जोडतो. फुलं खोडालाच लागतात, वास सुरेख, फोटोला सोपं. अप्पा त्या वेळी झाडाच्या दुसऱ्या बाजूला असतात. कैलासपतीचं फळ तोफगोळ्याएवढं असतं, ते खाली पडून फुटलं की गराला अशी दुर्गंधी सुटते की फुलाचा भक्त लांबूनच नमस्कार करून निघतो. अप्पा नाकाला रुमाल बांधून त्या फळापुढे गुडघे टेकून बसतात. फळाच्या आतल्या भिंतीवर म्हणे सुंदर रेषा असतात. मी फोटो पाहिला आहे. रेषा आहेत. वासही येतो की काय असं वाटत राहतं.

गोरखचिंचेचं तसंच. फूल पावसाळ्याच्या तोंडाला येतं, रात्री उमलतं, वटवाघळं त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ते मलूल होऊन गळतं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या हातांचे झोके त्या फुलांवरून जात असतात, कारण व्यायाम चालू असताना खाली बघायचं नसतं. अप्पा खाली बघतात. त्यांच्याकडे एकाच गळलेल्या फुलाचे सकाळपासून दुपारपर्यंतचे फोटो आहेत, पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत. मधल्या एका फोटोत फुलाशेजारी बुटाचा पुढचा भाग आहे. पुढच्या फोटोत फूल चपटं आहे. अप्पांनी त्या बुटाचा माग काढला होता. तळव्याची नक्षी उमटली होती ना.

पण त्यांचा लाडका विषय म्हणजे खोडांवर कोरलेली नावं. कोरणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग आहे. झाडाची साल ही काय पाटी आहे? तरी एकदा कोरलं गेलं की ते छापील मजकुरात जमा होतं आणि अप्पांना वाचावंच लागतं. एका झाडावर बदामात दोन अक्षरं आहेत. माझ्या आठवणीत तरी कितीतरी वर्षं आहेत. मी सहज म्हटलं, "अप्पा, झाड वाढलं तशी अक्षरंही वर गेली असतील नाही?"

अप्पांनी माझ्याकडे, पहिली-दुसरी वेलांटी न कळणाऱ्या उपसंपादकाकडे बघावं तसं बघितलं. "झाड शेंड्याला उंच होतं. खोड जाड होतं. कोरलेलं अक्षर होतं त्याच उंचीवर राहतं, फक्त आडवं ताणत जातं. ठोकलेला खिळा पण वर जात नाही, झाड त्याला हळूहळू आत ओढून घेतं. हे बघ." त्यांनी फोटो दाखवला. बदामाची बाजू फाकत फाकत गेली होती आणि अक्षरं ऐसपैस झाली होती. "प्रेम जाड झालं," अप्पा म्हणाले. "वर गेलं नाही."

सुरुवातीला बागेच्या रखवालदाराला अप्पांची काळजी वाटायची, आणि नंतर संशय. माणूस रोज येतो, जनावरं बघत नाही, खात नाही, पेपर वाचत नाही. कुलपांचे फोटो काढतो, बिजागऱ्यांचे काढतो, गटारावरच्या लोखंडी झाकणांचे काढतो, भिंतीला हात लावून कुठल्या दगडाच्या दरजा भरल्या आहेत ते बघतो. कॅमेऱ्याच्या कार्डातले सगळे फोटो ओळीने लावले तर दरोड्याचा आराखडाच वाटावा. रखवालदार बिचारा सभ्य. तो दोन-तीनदा जवळ येऊन नुसतं म्हणाला, "काका, वाघ तिकडे आहे." हे वाक्य अप्पांना बागेतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकवलेलं आहे. शाळेच्या सहली ऐकवतात, फुगेवाला ऐकवतो. अप्पा "हो, माहीत आहे" म्हणतात आणि पुन्हा झाकणाकडे वळतात.

नंतर रखवालदारालाच लागण झाली. एक दिवस तो धावत आला. "काका, चला लवकर. त्या मागच्या नळाखाली शेवाळ धरलंय, बरोबर बदामाचा आकार."

अप्पा गेले, वाकले, उठले. "बदाम नको," म्हणाले. "बदाम सगळ्यांना दिसतो." रखवालदाराचा चेहरा पडला. मग अप्पांनी त्याच शेवाळाच्या कडेला नळाच्या थेंबाने पाडलेला खळगा दाखवला आणि त्याचा फोटो काढला. आता तो गृहस्थही येता जाता खाली बघत चालतो असं ऐकतो.

पक्षीवाल्यांशी मात्र अप्पांचा उभा दावा आहे. एक पक्षीवाला तिकाटण्यावर लेन्स लावून तांबटाची वाट बघत बसला होता. तांबट 'टुक टुक' करत होता, दिसत नव्हता. पक्षीवाला मान मोडेपर्यंत वर बघत होता. अप्पा त्याच्याच पायाशी उकिडवे बसून जमिनीचा फोटो काढायला लागले.

"काका, जरा बाजूला व्हाल? पक्षी बुजेल."

"तुमचा पक्षी इथेच आहे," अप्पा म्हणाले. "हा भुसा ताजा आहे." वाळलेल्या फांदीत चोचीने बीळ कोरताना तांबट भुसा खाली टाकतो, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून बिळाचं तोंड फांदीच्या खालच्या अंगाला ठेवतो. अप्पांना पक्ष्यांतलं काही कळत नाही. भुसा कुठून येतो एवढंच त्यांनी मनाशी शोधलं होतं. पक्षीवाल्याने भुशाच्या नेमकं वर पाहिलं, आणि भोकातून तांबटाने डोकं बाहेर काढलं. त्या माणसाला जन्माचा फोटो मिळाला. अप्पांना भुशाचा मिळाला, आणि ते त्याच्याहून खूश होते.

अप्पांचे फोटो चांगले असतात का? मला विचाराल तर नाही. हात थरथरतो, पुष्कळ फोटो धुरकट येतात, काहींत अंगठा असतो. आमच्या नाक्यावरचा स्टुडिओवाला छापून देताना अजून दरवेळी म्हणतो, "अप्पा, हे चुकून दाबलं गेलेले तेवढे बाजूला काढू का?" आणि ते बाजूला काढले तर पाकिटात काही उरत नाही. शिवाय माणसं अप्पांना येत नाहीत. पुतण्याच्या लग्नात हौसेने कॅमेरा घेऊन उभे राहिले. अंतरपाटाचा फोटो आहे, पण दोन्ही बाजूंना धरलेल्या चार हातांचा. एका हातावर घड्याळाचा पट्टा जाऊन राहिलेला गोरा पट्टा आहे. तो हात कोणाचा यावरून त्या घराण्यात अजून दोन तट आहेत. रस्त्यात मी समोर आलो तर अप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघून गोंधळतात, मग नजर खाली येते आणि उजळतात. "हां, तू! वरून दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेला."

बाग बुधवारी बंद असते. सगळी मुंबई बुधवारी कामाला जाते आणि अप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, बुधवारी जीव मुठीत धरून बसतात. त्या दिवशी अप्पा घर वाचतात. मिसळणाच्या डब्यातल्या सातही वाट्यांत मोहरीची वाटी बाकीच्यांहून लवकर झिजते, हा शोध बुधवारचा. देवघरातल्या समईच्या पाच वातींपैकी एकीची काजळी नेहमी डावीकडे जाते, म्हणजे खिडकीला फट आहे, हाही बुधवारचाच. खिडकीला फट निघाली. ती बुजवण्यात पुढचा आठवडा गेला. काकू म्हणतात, "महानगरपालिकेच्या पाया पडते मी, सातही दिवस उघडी ठेवा म्हणावं."

गेल्या गणपतीत मंडळाच्या पोरांना अप्पांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायची हुक्की आली. मंडपाच्या एका अंगाला दोऱ्या बांधून फोटो टांगले आणि वर पाटी लावली, 'ओळखा पाहू! ठिकाण कोणते?' खाली उत्तरांची पेटी. दोनेक दिवसांत पेटी भरली. चंद्र, गुडघ्याचा एक्स-रे, जळलेली पोळी, उपग्रहातून मराठवाडा, एकाने तर तिसऱ्या मजल्यावरच्या गळक्या छताचा पुरावा म्हणून एक फोटो मागितला. सगळे फोटो राणीच्या बागेचे आहेत हे कोणाच्या ध्यानीमनी आलं नाही, आणि उत्तर देणारा प्रत्येक जण तिथे एकदा तरी जाऊन आलेला. शेवटच्या दिवशी पहिल्या मजल्यावरची, बालवाडीतली एक चिमुरडी दोरीपाशी थबकली. एका फोटोत काचेवर बरेच डाग होते. तिने त्यातल्या एका डागावर बोट ठेवलं. "हे नाक आहे," ती म्हणाली. "पेंग्विनच्या काचेवरचं. मी पण लावलं होतं."

बक्षिसाचा स्टीलचा डबा तिला गेला.

तो काचेचा फोटो खरोखर अप्पांचा ऐन भरातला आहे. २०१६ साली दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आले, दुसऱ्या वर्षी ते लोकांना बघायला खुले झाले, त्याच वर्षी प्रौढांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नासावर गेलं, आणि तेव्हापासून राणीच्या बागेत जाणं म्हणजे पेंग्विन बघणं. मूळचे पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी भायखळ्यात गार खोलीत राहतात. बाहेरचा माणूस घामाने निथळत आत येतो तो आधी त्या गारव्यालाच दाद देतो. मग गर्दी काचेला चिकटते. अप्पा गर्दी पुढे सरकायची वाट बघतात. काचेवर पोरांचे तळवे खाली उमटलेले असतात, जरा वर नाकं, त्याहून वर आयाबापांची कपाळं, आणि मध्ये मोबाइल टेकल्याच्या चौकोनी खुणा. काच पुसणाऱ्या मावशींशी त्यांनी संधान बांधलं आहे. अप्पा दिसले की त्या फडकं झाडत विचारतात, "काका, पुसू का राहू दे अजून?"

काकूंचं म्हणणं एवढंच होतं की, इतकी वर्षं बागेत जाता, पेंग्विनचा एक फोटो आणा. बहिणीला दाखवायचा आहे. तिच्या जावयाने सिंगापुरात काढलेले पेंग्विन ती येता जाता दाखवते. अप्पा दरवेळी "हो, हो" म्हणायचे आणि काच घेऊन यायचे.

परवा मी आणि माझी बायको त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा अप्पा पाकीट नाचवत आले. "घे. पेंग्विन." काकूंनी हात पदराला पुसले, पाकीट उघडलं, फोटो डावीकडे धरला, उजवीकडे धरला. पांढऱ्या जागेवर काळे ठिपके. दुसऱ्या फोटोत पांढऱ्या जागेवर काळे ठिपके, थोडे वेगळे.

"प्रत्येकाच्या पोटावरचे ठिपके निराळे असतात," अप्पा घाईघाईने सांगू लागले. "त्यावरून एकेक ओळखता येतो. याच्या पोटावर बघ, तीन अनुस्वार आणि एक पूर्णविराम. याच्यावर नुसते अनुस्वार. मी इतके दिवस काच वाचत बसलो आणि मजकूर आत होता!"

"अहो, पण तोंड कुठाय?"

"तोंडं काय, सगळ्यांची सारखीच."

काकूंनी फोटो खाली ठेवले. आता काही खरं नाही हे आम्ही दोघांनीही ओळखलं. "सगळ्यांची सारखीच का?" त्या म्हणाल्या. "मग माझ्या हनुवटीवर तीळ कुठल्या बाजूला आहे, न बघता सांगा."

अप्पा तोवर पाकिटातला तिसरा फोटो शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "हनुवटीवर नाही, हनुवटीच्या खाली. डाव्या बाजूला. आणि कानामागे आणखी एक आहे, तो तुला ठाऊक नाही. तोही डावाच."

काकूंचा हात कानामागे गेला. तीळ हाताला लागत नसतो. "इतक्या वर्षांत बोलला नाहीत ते!"

"विचारलं नव्हतंस."

काकू माझ्या बायकोकडे वळल्या. "तू बघ गं, आहे का खरंच?" बायकोने त्यांना खिडकीपाशी नेलं, अंबाडा जरा बाजूला केला. तीळ होता. पण उजव्या कानामागे होता.

"चुकलात!" काकू जवळजवळ ओरडल्याच.

"कसा चुकेन?" अप्पा तितक्याच जोरात म्हणाले. "फोटोखालच्या ओळीत 'डावीकडून' म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. सगळ्या छापखान्यांतून हाच नियम आहे."

"पण कानामागचा तीळ मागून बघतात! मागून बघणाऱ्याचा पण उजवाच येतो!"

अप्पा थांबले. त्यांनी काकूंच्या मागे जाऊन पाहिलं, मग पुढे येऊन पाहिलं, मग खिशातून पेन काढलं आणि पेंग्विनच्या पाकिटावर काकूंच्या डोक्याची आकृती काढायला घेतली.